तीन मिनिटांचे विज्ञान आणि हरवलेला विध्यर्थ

विद्यापीठे, संशोधनसंस्था आणि शोधनियतकालिके आपल्या ताज्या संशोधनाच्या दोन-तीन मिनिटांच्या चित्रफिती काढू लागली, त्याला आता बराच काळ लोटला. प्रारंभी त्या केवळ इंग्रजीत असत. आता त्या मराठीतही येतात. कधी माणसाने अनुवादिलेल्या, कधी यंत्राने अनुवादून यंत्राच्याच आवाजात वाचलेल्या. महाविद्यालयांच्या फळ्यांची जागा पडद्यांनी घेतल्यापासून त्या वर्गांतही शिरल्या आहेत. ज्ञानाची गंगा तालुक्याच्या गावापर्यंत आली, मराठीत आली, फुकट आली, असे म्हणून सर्वत्र त्यांचे स्वागत होत आहे. या स्वागतात आम्ही सहभागी नाही. आमची कारणे येथे मांडत आहोत.

गैरसमज आधीच दूर केलेला बरा. चित्रफीत आखूड आहे, म्हणून आमचा आक्षेप नाही. ती रंजक आहे म्हणून नाक मुरडणाऱ्यांतले आम्ही नव्हेत. 'पुस्तके वाचा, पडदे बंद करा' हा उपदेशही आम्हाला करायचा नाही. आम्ही पेण आणि रोहा या दोन गावांत मराठी शिकवतो. आमचा आक्षेप आमच्या विषयातला आहे. तो क्रियापदावर आहे.

मराठी व्याकरणाने आख्याताचे चार अर्थ सांगितले आहेत: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून आजपर्यंत परीक्षेपुरते का होईना, हे चार अर्थ विद्यार्थी पाठ करीत आले आहेत. 'पाऊस पडतो' हा स्वार्थ. क्रियापद जे घडते ते सांगून मोकळे होते. 'डोंगरात पाऊस पडत असावा' हा विध्यर्थ; बोलणाऱ्याने पाऊस पाहिलेला नाही, नदीचे गढूळ पाणी पाहून त्याने तर्क केला आहे, आणि आपण तर्क केला आहे हे तो लपवत नाही. 'पाऊस वेळेवर पडला असता तर आवण जगली असती' हा संकेतार्थ. येथे एक गोष्ट दुसरीवर अवलंबून आहे आणि ते अवलंबणे वाक्यातच दिसते. शेतकरी, कोळी, मूर्तिकार या साऱ्यांच्या तोंडी हे अर्थ अचूक बसलेले असतात. कोणी काय पाहिले, कोणी काय ऐकले, कोणी काय ताडले, हे आपली बोली क्रियापदाच्या शेपटातच सांगून टाकते.

संशोधनाची खरी भाषा ही विध्यर्थाची आणि संकेतार्थाची भाषा आहे. कोणताही जबाबदार शोधनिबंध 'असे दिसते', 'असे असावे', 'अमुक गृहीत धरले तर' याच वाटेने चालतो. त्या निबंधाची चित्रफीत होताना विध्यर्थ गळतो, आणि चित्रफितीचे मराठी होताना उरलासुरला संकेतार्थही जातो. शिल्लक राहतो तो स्वार्थ. 'शास्त्रज्ञांनी शोधून काढले आहे', 'आता हे शक्य झाले आहे', 'यामुळे क्रांती होणार आहे'. व्याकरणातल्या या पारिभाषिक शब्दाला व्यवहारात दुसरा अर्थ आहे, आणि तोही येथे लागू पडावा हा योगायोग आम्हाला सूचक वाटतो. ज्या चित्रफिती संस्थांच्या प्रसिद्धिविभागातून निघतात, त्यांच्या स्वार्थाला स्वार्थच सोयीचा असतो. अनुदान देणाऱ्याला, प्रवेश घेणाऱ्याला आणि वृत्तपत्राला 'असावे' विकता येत नाही.

कोणी म्हणेल, पाठ्यपुस्तकातही स्वार्थच असतो. असतो, आणि तो तेथे योग्य आहे. पाणी हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे बनलेले आहे, हे 'असावे' करण्याचे कारण नाही. पण पाठ्यपुस्तकातले विज्ञान आणि चालू संशोधन यांत मूलभूत भेद आहे. पहिले पुष्कळ हातांतून तपासून, घासून आलेले असते. दुसरे अद्याप भट्टीत असते. भट्टीतला माल बाजारातला म्हणून दाखवणे हे आमच्या मते अज्ञानापेक्षा वाईट, कारण ज्याला काही ठाऊक नाही तो निदान विचारतो.

दोन उदाहरणे देतो. १७ मार्च २०१४ रोजी दक्षिण ध्रुवावरील 'बायसेप-२' या दुर्बिणीच्या गटाने घोषणा केली की, विश्वाच्या जन्मानंतरच्या पहिल्या अतिसूक्ष्म क्षणातील फुगवट्याची खूण आपल्याला सापडली आहे. त्याच दिवशी स्टॅनफर्ड विद्यापीठाची एक छोटी चित्रफीत जगभर पसरली. या फुगवट्याच्या सिद्धान्ताचे एक जनक आंद्रेई लिंडे यांच्या दारावर चाओ-लिन कुओ हे तरुण संशोधक थाप मारतात आणि ही वार्ता देतात; दारात उभ्या असलेल्या वृद्ध शास्त्रज्ञाला आणि त्यांच्या पत्नीला भरून येते. चित्रफीत खरोखर हृद्य होती. जानेवारी २०१५ मध्ये, म्हणजे वर्षही उलटण्यापूर्वी, प्लँक या अंतराळ-दुर्बिणीच्या निरीक्षणांशी मिळून केलेल्या विश्लेषणातून निष्पन्न झाले की ती खूण मुख्यतः आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीची मानता येते. फुगवट्याचा पुरावा म्हणून ती टिकत नाही. विज्ञानाच्या दृष्टीने यात लाजिरवाणे काही नाही. विज्ञान असेच चालते. लाजिरवाणे हे की, शँपेनची बाटली पाहिलेल्यांपैकी कितीजणांपर्यंत ही धूळ पोहोचली? तिच्यासाठी कोणी दार ठोठावल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

याच चित्रफितीत एक गोष्ट आहे, जी आमच्या म्हणण्याला बळ देते. आनंदाच्या भरातही लिंडे बोलून जातात की, आपण फसत तर नाही ना, केवळ सुंदर आहे म्हणून तर आपण यावर विश्वास ठेवीत नाही ना, ही शंका आपल्याला सतत असते. म्हणजे विध्यर्थ तेथे होता, खुद्द शास्त्रज्ञाच्या तोंडी होता आणि तो तीन मिनिटांत मावलाही होता. त्या दिवशी तो ऐकण्याची कोणाची तयारी नव्हती. तेव्हा 'इतक्या थोड्या वेळात शंका बसत नाही' ही सबब आम्ही मान्य करीत नाही.

दुसरे उदाहरण जुलै २०२३ मधले. दक्षिण कोरियातील एका गटाने 'एलके-९९' नावाचा पदार्थ नेहमीच्या तापमानाला अतिवाहक असल्याचा दावा केला. त्यासोबत एक चित्रफीत होती: काळसर तुकडा चुंबकावर अर्धवट उचललेला. जगाने तो तुकडा डोळ्यांनी 'पाहिला'. पुढच्या काही आठवड्यांत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसह अनेक ठिकाणी पदार्थ बनवून तपासला गेला आणि अतिवाहकता आढळली नाही. विद्युतरोध एकाएकी घटण्याचे कारण तांब्याच्या गंधकयुक्त संयुगाची भेसळ, तर अर्धवट उचलले जाण्याचे कारण साधी चुंबकीयता, असा उलगडा झाला. डोळ्यांनी पाहिले ते खोटे नव्हते. पण डोळ्यांनी जे पाहिले त्याचा अर्थ काय, हे डोळा सांगत नाही. ते सांगायला प्रयोग लागतो, आणि प्रयोग म्हणजे 'हे नसेल तर दुसरे काय असू शकेल' या प्रश्नाची यादी. चित्रफितीत यादी नव्हती. तुकडा होता.

विश्वाचा फुगवटा आणि कोरियातला तुकडा यांचे पेण-रोह्याला काय, असा प्रश्न येईल. येथे चालू संशोधन हा कुतूहलाचा विषय नाही, पोटाचा आहे, म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

पेण हे गणेशमूर्तींचे गाव. गावात आणि हमरापूर, जोहे या परिसरात वर्षभर मूर्ती घडतात आणि देशापरदेशात जातात. यातल्या फार मोठ्या भागाचे द्रव्य प्लास्टर ऑफ पॅरिस आहे. ते मिनिटांत घट्ट होते, साच्याचे बारीक काम उचलते, वजनाला हलके असते. शाडू गुजरातेतून आणावी लागते, वाळायला वेळ घेते, वाटेत तडकते. १२ मे २०२० रोजी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढून पीओपीच्या मूर्तींना मनाई केली. अंमल लांबत गेला. ३० जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदीचे काटेकोर पालन करण्यास सांगितले. मग राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाकडे प्रश्न गेला, डॉ. अनिल काकोडकरांच्या नेतृत्वाखालील तज्ज्ञांनी अहवाल दिला. मंडळाने आपल्या भूमिकेचा खुलासा केला. आणि जून २०२५ मध्ये न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती घडवण्याला व विकण्याला वाट मोकळी केली, मात्र नैसर्गिक जलाशयात विसर्जनाला नाही. पाठोपाठ जुलैत सहा फुटांपर्यंतच्या मूर्तींसाठी कृत्रिम तलाव बंधनकारक झाले. पाच वर्षे एका गावाचा संसार एका रासायनिक प्रश्नावर टांगलेला होता.

या पाच वर्षांत पेणच्या कारखान्यांतल्या भ्रमणध्वनींवर विज्ञानाच्या नावाने जे फिरले, ते सारे स्वार्थात होते. एक बाजू: 'पीओपी विरघळत नाही.' दुसरी बाजू: 'पीओपीने काही होत नाही.' दोन्ही वाक्यांत 'नाही' ठाम, दोन्हींत प्रमाण गायब. वस्तुस्थिती अशी की, पीओपी पाण्याशी मिळून जो घट्ट पदार्थ होतो तो जिप्सम. आणि जिप्सम एक लिटर पाण्यात सुमारे दोन ते अडीच ग्रॅम विरघळतो. म्हणजे दोन किलोची मूर्ती पूर्ण विरघळायला आठशे ते हजार लिटर पाणी हवे, शिवाय वेळ हवा, आणि रंगाचा थर आड न यावा. 'विरघळत नाही' हे म्हणूनच अपुरे आणि 'विरघळते' हेही अपुरे. उलट ज्या शाडूला आपण विरघळणारी म्हणतो ती रसायनशास्त्राच्या अर्थाने विरघळतच नाही. ती विखुरते आणि गाळ होऊन तळाशी बसते. लहान तळ्यात तो गाळही हिशेबात घ्यावा लागतो.

पुढे जाऊ. जिप्सममधून पाण्यात सल्फेट जाते. समुद्राच्या पाण्यात सल्फेट मुळातच लिटरला सुमारे २.७ ग्रॅम असते. गोड्या तळ्यात ते अगदी थोडे असते. म्हणून जर विसर्जन बंद तळ्यात असेल तर एक हिशेब, जर उधाणाच्या खाडीत असेल तर दुसरा. तळाच्या प्राणवायूहीन चिखलात सल्फेटापासून सडक्या अंड्याच्या वासाचा वायू बनू शकतो, तर वाहत्या पाण्यात तो प्रश्न तितका उठत नाही. रंगांतले जड धातू हा तिसराच विषय, आणि तो शाडूच्या रंगवलेल्या मूर्तीलाही सुटत नाही. हे सारे 'जर-तर' म्हणजे शुद्ध संकेतार्थ. ज्याला तो समजला, तो मूर्तिकार न्यायालयात, नगरपालिकेत, ग्रामसभेत नेमका प्रश्न विचारील. ज्याला केवळ 'आहे' आणि 'नाही' मिळाले, तो घोषणा देईल.

आणि या प्रश्नावर संशोधन महाराष्ट्रातच झाले होते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात घरगुती पीओपी मूर्तीचे विघटन करण्याची पद्धत पुढे आणली, आणि २०१६ च्या गणेशोत्सवात पुणे महापालिकेने ते रसायन नागरिकांना दिले. बादलीच्या तळाशी कॅल्शियम कार्बोनेट बसते, वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट राहते, जे खत म्हणून वापरात आहे. या क्रियेची एक उत्तम तीन मिनिटांची चित्रफीत होऊ शकते. पण ती 'पीओपीचा प्रश्न सुटला आहे' म्हणणारी नसावी. हिशेब मांडला तर १७२ ग्रॅम जिप्समला १५८ ग्रॅम बायकार्बोनेट लागते, म्हणजे जवळजवळ मूर्तीच्या वजनाइतके. घरच्या लहान मूर्तीला ते परवडते; मंडळाच्या पंधरा फुटी मूर्तीला किती पोती लागतील, ती कोठून येतील, खताचे पाणी कोठे सोडायचे? पद्धतीची मर्यादा सांगितल्याने संशोधकांचा मान कमी होत नाही. मर्यादेसह सांगितलेली पद्धत हीच वापरता येण्यासारखी असते.

रोह्याची गोष्ट वेगळी आणि सारखीच. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत आणि कुंडलिका नदी आहे. सांडपाण्याच्या चर्चेत दोन आकडे नेहमी ऐकू येतात. देशातील सर्वसाधारण मानकांनुसार जमिनीवरच्या गोड्या जलप्रवाहांत सोडायच्या पाण्याची रासायनिक ऑक्सिजन-मागणी लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत आणि जैविक ऑक्सिजन-मागणी ३० मिलिग्रॅमपर्यंत असू शकते. पहिली तीव्र ऑक्सिडीकारकासोबत नमुना तापवून काही तासांत मोजतात. दुसरीसाठी नमुना २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवतात. दोन आकड्यांतली तफावत काय सांगते? जंतूंना न पचणारे काही पाण्यात आहे, असे ती सुचवते. सिद्ध करीत नाही. नमुना भरतीला घेतला की ओहोटीला, कोणत्या हंगामात, नळाच्या तोंडाशी की खाली खाडीत, यावर आकडा बदलतो. सांडपाणी शुद्ध करण्याच्या नव्या तंत्रांवरच्या चकचकीत चित्रफितींत काळे पाणी एका बाजूने शिरते आणि स्फटिकासारखे दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. पारदर्शक पाणी स्वच्छ असेलच असे नाही, हे वाक्य त्यांत नसते. रोहेकराला नेमके तेच वाक्य हवे आहे.

तिसरे उदाहरण खाऱ्या जमिनीचे. पेणच्या खाडीकाठी पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून भात पिकवले गेले. उधाणाने बांधाला खांड पडली की शेत खारे होते. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने क्षार सोसणारी पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ ही भाताची वाणे दिली. 'क्षार सोसणारे' या शब्दाचा अर्थ मात्र 'कितीही आणि केव्हाही सोसणारे' असा नव्हे. भात रोप असताना आणि फुलोऱ्यात असताना क्षाराला सर्वांत हळवा असतो. जर पहिल्या पावसाने शेतातले मीठ धुऊन गेले आणि मग लावणी झाली, तर वाण टिकेल. जर लावणीनंतर खांड पडली, तर नवे वाणही कदाचित जाईल. शेतकऱ्याला हा जर-तर समजतो. तोच त्याचा दिनक्रम आहे. त्याला 'चमत्कारी तांदूळ' दाखवणे हा त्याच्या बुद्धीचा अपमान आहे.

आता आक्षेपांकडे वळू. सर्वसामान्यांना शंका, मर्यादा, प्रमाण हे नको असते, त्यांना निष्कर्ष हवा असतो, असा पहिला आक्षेप. हे 'सर्वसामान्य' कोण? क्रिकेटच्या पायचीत निर्णयावर चेंडूचा टप्पा, रेष आणि उंची यांची तासभर चर्चा करणारी माणसे आम्ही पाहतो. न्यायालयाच्या निकालातला 'मात्र' कोठे आहे हे पेणच्या मूर्तिकाराने वकिलाआधी हेरले असेल. प्रमाणाची आवड नसते ती ज्याच्या ताटात त्या प्रमाणाने काही फरक पडत नाही त्याला.

दुसरा आक्षेप वेळेचा. त्याचे एक उत्तर लिंडे यांनी दिले आहे. दुसरे महाराष्ट्रातलेच. २००८ साली जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार विद्यार्थी आणि मतिमंद मुले अशा दोन गटांतल्या दोनशे मुलांच्या पत्रिका जमवल्या. ज्योतिष्यांना त्यांतल्या प्रत्येकी चाळीस दिल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितले. सत्तावीस ज्योतिष्यांची उत्तरे आली. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण ४६ टक्के, म्हणजे नाणे उडवून आले असते त्याच्या आसपासच. आम्ही हे एका परिच्छेदात सांगितले. पद्धत सांगितली, तुलना सांगितली, निष्कर्ष सांगितला. वाचणारा स्वतः आक्षेप घेऊ शकतो: पत्रिका थोड्या होत्या का? नामांकित ज्योतिषी उतरले नव्हते का? आक्षेप घेता येतो हेच या कथनाचे यश. नारळीकरांनी मराठी वाचकाला दिलेली मोठी देणगी आमच्या मते हीच. महास्फोटाच्या सिद्धान्ताला विरोध करणाऱ्या अल्पमतात ते हयातभर उभे राहिले, आणि आपले मत अल्पमत आहे हे न लपवता मराठीत लिहीत राहिले. २० मे २०२५ रोजी ते गेले. श्रद्धांजलीच्या पुष्कळ चित्रफितींत मात्र ते बहुमताचे महापुरुष झालेले दिसले.

दृश्यमाध्यमातलेही दाखले आहेत. अरविंद गुप्तांनी पुण्याच्या आयुकात दशकभर काम करताना टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांच्या दोन-दोन मिनिटांच्या असंख्य फिती केल्या. त्यांतल्या पुष्कळ मराठीत आहेत. तेथे पाहणारा थक्क होऊन थांबत नाही. तो काडेपेटी शोधू लागतो, आणि त्याची खेळणी चालली नाही तर का चालली नाही हे पाहतो. नॉटिंगहॅम विद्यापीठाने २००८ पासून मूलद्रव्यांवर काढलेल्या फितींत मार्टिन पोलियाकॉफ हे रसायनशास्त्रज्ञ आपल्या पसाऱ्याच्या खोलीत बसून बोलतात. ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणतात. चित्रफितीचे माध्यम दोषी नाही, याला आणखी पुरावा नको.

तिसरा आक्षेप गंभीर आहे. शंका दाखवली तर लोक लसीवर, हवामानबदलावर, सगळ्यावरच शंका घेतील. विज्ञानविरोधकांच्या हाती कोलीत मिळेल. आमचे म्हणणे उलट आहे. ज्याला 'आहे' आणि 'असावे' यांतला भेद कधी शिकवलाच नाही, त्याला एक 'आहे' खोटे ठरले की सगळीच 'आहे' खोटी वाटू लागतात. महासाथीच्या काळात आठवड्याला बदलणाऱ्या सूचनांनी लोक चिडले ते सूचना बदलल्या म्हणून नव्हे. प्रत्येक सूचना कायमची असल्याच्या थाटात दिली गेली म्हणून. ज्याला पायऱ्या ठाऊक आहेत त्याला हेही कळते की पृथ्वी तापते आहे हे 'आहे'च्या पायरीवर आहे आणि अमुक खाडीकाठ अमुक साली बुडेल हे 'असावे'च्या. दोन्ही एकाच आवाजात सांगणारा पहिल्याचेही नुकसान करतो.

आमच्या स्वतःच्या गोटालाही सोडता येणार नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली 'दिग्दर्शन' हे मासिक काढले तेव्हा साहित्य आणि शास्त्र यांच्या वेगळ्या चुली नव्हत्या. पुढे त्या झाल्या. १९६६ मध्ये स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद आपले काम करीत राहिली, आणि मराठीचे प्राध्यापक आपले. परिभाषा क्लिष्ट झाली की आपण हसलो. ती सोपी करायला बसलो नाही. आज यंत्र अनुवाद करते तेव्हा मराठीच्या ऱ्हासाबद्दल गळा काढणारे आपण, ज्या एका जागी आपले व्याकरण खरोखर उपयोगी पडले असते, तेथे गैरहजर असतो. इंग्रजी वाक्यातला 'कदाचित' मराठीत कोठे गेला, हे सांगायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. वाक्य वाचता यावे लागते. ते आपल्याला येते, असा आपला दावा आहे.

तेव्हा आमच्या मागण्या. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेने ताज्या संशोधनाची चित्रफीत काढली तर तिच्यात चार गोष्टी असाव्यात: हे कसे मोजले, किती मोजले, कोण असहमत आहे, आणि काय आढळले तर आम्ही चुकलो असे मानू. पडद्यावर दिसते ते छायाचित्र आहे की संगणकाने रचलेले कल्पनाचित्र, हे त्या दृश्यावरच लिहावे. निष्कर्ष पुढे मागे घ्यावा लागला तर त्याचीही फीत तितक्याच इतमामाने निघावी आणि जुनीला जोडावी. मराठी फीत मराठीतच लिहिली जावी. इंग्रजी फितीच्या ओठांवर ती बसवू नये. आणि जेथल्या लोकांच्या जगण्याशी तो विषय बांधलेला आहे, तेथे येऊन ती दाखवावी आणि प्रश्न घ्यावेत. पीओपीवरची फीत प्रथम हमरापुरात दाखवा, सांडपाण्यावरची धाटावात. केंद्र सरकारची 'विज्ञान प्रसार' ही संस्था १९८९ मध्ये निघाली आणि २०२३ मध्ये बंद झाली. ते काम आता ज्यांच्याकडे आहे त्यांनी या मागण्या आपल्यालाच उद्देशून आहेत असे समजावे.

हे होईपर्यंत वर्ग आपल्या हातात आहे. फीत लावावी, जरूर लावावी. ती संपली की फळ्यावर तिच्यातली पाच वाक्ये लिहावीत आणि विद्यार्थ्यांना विचारावे: यातला कोणता स्वार्थ खरा आहे, कोणत्या जागी विध्यर्थ हवा होता, कोठे 'जर' गाळला आहे? विज्ञानाचे आणि मराठीचे शिक्षक अशा वेळी एकाच वर्गात उभे असले तर उत्तम. आम्ही दोघे आमच्या परीने हे करू लागलो आहोत. इतर तालुक्यांतल्या सहकाऱ्यांनीही करून पाहावे.